बंद पोटाचा पाणघोडा

रात्रभर गारठा होता आणि वारा मुळीच नव्हता. अशा सकाळी पत्र्याला घाम फुटतो. अंगणात भिंतीला टेकवलेले फ्रिजच्या पाठींचे, मोटारींच्या दारांचे, तेलाच्या डब्यांचे पत्रे ओलेकंच होऊन उभे होते. मधूनच एखादा थेंब ओघळायचा आणि खालच्या डब्यात टप्पकन पडायचा. पत्रेमावशी उकिडवी बसून खिळे सरळ करत होती. पुढ्यात रुळाचा वीतभर तुकडा, डाव्या चिमटीत वाकडा खिळा, उजव्या हातात नवऱ्याची बोथट हातोडी. खिळ्याचं कुबड वर आणायचं, एक हलका ठोका द्यायचा, मग खिळा फिरवून परत बघायचं. "खिळा काय नि नवरा काय," ती म्हणायची, "हळूहळूच सरळ करावा. घाई केली की दुसरीकडून वाकतो."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वेल्डर होता. त्याच्या मागं राहिलं काय, तर एक वेल्डिंगचं यंत्र, दोन पाने, कातर, ही हातोडी आणि चार-पाच खाकी शर्ट. शर्ट ती अजून वापरत होती; ठिणग्यांनी पडलेल्या भोकांवर ठिगळं लावून लावून आता मूळ शर्ट कमी आणि ठिगळंच जास्त झाली होती. तो गेल्यावर पहिले काही महिने ती नुसती त्याच्या हत्यारांना तेल लावत बसायची. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या पडक्या भिंतीत एक भोक दिसलं आणि त्यात तिनं मोडक्या चमच्यांची एक पाल करून बसवली. का बसवली ते तिला विचारू नका. तिलाही सांगता यायचं नाही. लोक म्हणाले, बाई वेडी झाली. पण शाळेची पोरं रोज वाट वाकडी करून पाल बघायला यायला लागली. पालीनंतर छत्रीच्या काड्यांचा बगळा आला, तो बसच्या थांब्यावर एका पायावर उभा राहिला. मग गटाराच्या कठड्यावर डब्यांचं कासव बसलं. बगळा एकदा नगरपालिकेच्या माणसांनी उचलून नेला, तेव्हा थांब्यावरच्या लोकांनीच कचेरीत जाऊन भांडून परत आणला. तेव्हापासून वेडी म्हणणारे तिला पत्रेमावशी म्हणायला लागले.

पण हल्ली सगळ्यांचा जीव जडला होता तो चौकातल्या पाणघोड्यावर.

तो मात्र तिनं मनापासून केला होता. अख्खं लोखंडी पिंप आडवं करून त्याचं पोट केलं. जबडा धुलाईयंत्राच्या टपाचा, दोन फाका करून उघडा ठेवलेला. दात जुन्या फ्यूजच्या पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचे. शेपूट सायकलच्या चेनची. पोरं त्याच्या पाठीवर बसायची, दोन्ही हातांनी थापा मारायची, आणि पाणघोडा आतून असा 'धम्म' बोलायचा की समोरच्या चहावाल्याच्या टपरीवरच्या बरण्या किणकिणायच्या. मधल्या सुट्टीत जो पहिली थाप मारेल तो त्या दिवसाचा राजा, असा पोरांनी कायदाच केला होता.

हातातल्या खिळ्यांचा डबा भरला तशी मावशी उठली, खिशात तेलाचं फडकं कोंबलं आणि आपल्या गणगोताची अंगं पुसायला निघाली. दवाचं पाणी पत्र्यावर राहिलं की गंज धरतो, म्हणून थंडीच्या दिवसांत हे काम सकाळीच उरकावं लागतं. पालीला पुसलं, कासवाला पुसलं, बगळ्याची चोच पुसली. चौकात आली तेव्हा चहावाला नुकता स्टोव्हला पंप मारत होता.

"या मावशी! तुमचा जावई रात्रभर उपाशी आहे बघा. तोंड वासून बसलाय."

"तुझा चहा पिण्यापेक्षा उपाशी बरा," मावशी म्हणाली आणि पाणघोड्याच्या पाठीवर फडकं ठेवलं.

आणि हात तसाच राहिला.

पत्र्याशी आयुष्य गेलेल्या माणसाच्या हाताला काही गोष्टी डोक्याच्या आधी कळतात. थंडीत पत्रा पोट आत घेतो. बंद डबा रात्रभर गारठला की सकाळी त्याची पाठ खपाटीला गेलेली असते. दुपारी ऊन खाल्लं की 'टक्' करून पुन्हा बाहेर येते. हे असंच व्हायचं, रोज असंच होत आलं होतं. पण आज, इतक्या गारठ्यानंतर, पाणघोड्याची पाठ आत गेलेली नव्हती. तिनं मागं जाऊन ढुंगण पाहिलं. पिंपाचा सपाट गोल तळ, ज्याच्यावर तिनं चेनची शेपूट जोडली होती, तो पालथ्या घमेल्यासारखा फुगून आला होता.

तिनं बोटाच्या पेरानं हलकेच वाजवलं. धम्म नाही. 'टण्ण'. बारीक, ताणलेलं, दातात सळकावं तसं.

आणि काल संध्याकाळी टिचकी बोलली होती ते तिला आत्ता ऐकू आलं. टिचकी म्हणजे तिची नात. दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघायची खोड, म्हणून नाव टिचकी. "आजी, पाणघोड्याचा आवाज बारीक झालाय. तो गाणं म्हणायला लागलाय!" आणि मावशी खिळ्यातून मान वर न काढता म्हणाली होती, "म्हणू दे, पैसे मागत नाही ना?"

तिनं हात झटकन मागं घेतला. कारण पाणघोड्याच्या पोटात काय होतं ते साऱ्या गावात तिला एकटीलाच माहीत होतं.

नवऱ्यानं तिला एक गोष्ट अगदी पहिल्यापासून घोटून घोटून शिकवली होती. "बंद पोट कुणाचंही असो, माणसाचं की पिंपाचं, त्याला वाट ठेवावी." पोकळ वस्तू जोडायची तर तिला आधी एक भोक पाडायचं. त्याला तो श्वास म्हणायचा. मावशीच्या बगळ्याला श्वास होता, कासवाला होता, बोटभर लांबीच्या मुंगीलासुद्धा होता. पाणघोड्याचा श्वास तर आयताच होता. पिंपाचं आट्याचं बूच शेपटीच्या खालीच येत होतं आणि ते उघडं ठेवायचं ठरलंही होतं. पण पोरं पाठीवर उड्या मारायला लागली तसं पिंप डुगडुगायला लागलं. कलंडलं आणि एखाद्या पोराच्या पायावर गेलं तर? म्हणून पोटात काहीतरी जड भरायचं तिनं ठरवलं. रंगाऱ्याच्या कामावरचा उरलेला भिजवलेला चुना मिळाला, घट्ट गाळ, ओझं करायला उत्तम. आणि मातीत भुसा घालतात तसा त्या चुन्याला धरून ठेवायला खिडक्या करणाऱ्याच्या दुकानातला अॅल्युमिनियमचा कीस घातला. नरसाळं लावून सगळं पोटात ओतलं. पाणघोडा डुलायचा थांबला. पण थाप मारली तर आवाज फसका. फुटक्या मडक्यासारखा. तिनं सहज म्हणून बूच लावून बघितलं, आणि आला तो 'धम्म'! ऐकून तिलाच हसू फुटलं. तो आवाज तिच्याच्यानं सोडवेना. मग बुचाच्या आट्यांना सफेदा लावला, दोरा गुंडाळला, पान्यानं आवळलं. नळवालासुद्धा आवळत नाही इतकं घट्ट. उद्या पाडू भोक दुसरीकडं कुठंतरी, असं स्वतःशी म्हणाली. तो उद्या काही आला नाही.

"काय मावशी, जावयाची नाडी बघताय?" चहावाला म्हणाला.

"गप रे," ती म्हणाली, आणि घराकडं चालू लागली. चालता चालता स्वतःची समजूत घालत होती. कालचं ऊन कडक होतं. पत्रा ताणला असेल. जुनं पिंप, असेल मुळातच पोक आलेलं. पण हातातलं फडकं ती नुसतं पिळत होती.

घरात सून डबा भरत होती. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला होती आणि सकाळी तिच्या हाताबरोबर तोंडही चालायचं. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी.

"आई, चहा झाकून ठेवलाय. टिचके, बूट घाल! एका पायात बूट आणि एका पायात चप्पल, बगळा आहेस का तू?"

"आजी," टिचकी बुटाशी झगडत म्हणाली, "आज मी पाणघोड्याच्या पाठीवर उभी राहणार. बसणार नाही, उभी! सगळ्यांसमोर."

मावशीच्या ओठापर्यंत शब्द आले होते. आज जाऊ नकोस तिथं. एवढंच म्हणायचं होतं. पण सुनेची पाठ समोर होती, आणि त्या पाठीनं ते ऐकलं असतं. उन्हाळ्यात कासवाच्या कडेनं टिचकीची हनुवटी फाटली होती. टाके पडले होते. तेव्हा सून ओरडली नव्हती, नुसतं म्हणाली होती, "आई, पुढच्या वेळी काही झालं ना, तर या घरात एक तर तुमचं भंगार राहील नाही तर आम्ही." हळू आवाजात म्हणाली होती, म्हणून मावशीला ते जास्त लागलं होतं.

"सांभाळून," मावशी म्हणाली. बस्स एवढंच. टिचकी दप्तर नाचवत गेली, जाताना दाराला, खांबाला आणि आजीच्या डोक्याला एकेक टिचकी मारून गेली.

झाकलेल्या चहाला मावशीनं हात लावला नाही. ती तडक रंगाऱ्याकडं गेली.

रंगारी तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. एका गोदामाच्या भिंतीला चुना मारत शिडीवर चढला होता. गुडघा कामातून गेलेला, पण शिडी सुटत नव्हती.

"भाऊजी, एक विचारायचं होतं."

"विचारा की वहिनी. उसने सोडून काहीही विचारा."

"चुन्यात अॅल्युमिनियम पडलं तर काय होतं हो?"

रंगारी वरूनच हसला. "काय होतं? मार बसतो! मी नवा नवा कामाला लागलो तेव्हा आईची अॅल्युमिनियमची बादली ढापून आणली, तिच्यात चुना भिजवला आणि गेलो जेवायला. येऊन बघतो तर चूल नाही, जाळ नाही, आणि चुना आपला बुडबुडतोय. संध्याकाळी बादलीच्या बुडाची चाळण! आईनं तीच बादली माझ्या डोक्यात घातली. चुना खातो वहिनी अॅल्युमिनियम. चावून खातो. गाळ घट्ट असला की सावकाश, पण खातोच."

"बुडबुडे कसले?"

"वायू सुटतो की त्याच्यातून. साधासुधा नाही, पेटणारा. आमच्या मुकादमानं मला दाखवायला म्हणून त्याच्यावर काडी धरली. फट्ट! मिशी गेली बिचाऱ्याची. दोन महिने लग्नाच्या मुलीसारखा तोंड झाकून हिंडत होता." रंगारी पुन्हा हसला. खालून काही हसू येईना म्हणून त्यानं मान वळवली, आणि मावशीचा चेहरा बघून कुंचला बादलीत ठेवला.

"वहिनी. तो माझा चुना तुम्ही कशात घातलात?"

मावशी चौकाच्या दिशेनं बघत राहिली.

"त्या पाणघोड्यात? बूच उघडं आहे ना त्याचं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. रंगारी शिडीवरून उतरायला लागला, आणि उतरताना पहिल्यांदाच गुडघ्याला शिव्या द्यायला विसरला.

"कापायचं यंत्र लावायचं नाही," तो म्हणाला. "भोक पाडायला जाऊ नका. एक ठिणगी पडली तर संपलं. बूचच उघडायचं, हातानं, हळू. ओली पोती घेतो मी. तुम्ही पुढं व्हा. आणि वहिनी, आसपास जाळ कुठं आहे?"

मावशीच्या डोळ्यांपुढं चहावाल्याचा स्टोव्ह आला. पाणघोड्यापासून चार पावलांवर, भसाभसा पेटलेला.

वय झालेल्या बाईनं रस्त्यानं पळू नये, लोक बघतात. ती पळाली. घरून निघतानाच नवऱ्याचा मोठा पाना तिनं कमरेला खोचला होता, तो प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होता. ऊन वर आलं होतं. ज्या उन्हाची ती एरवी सकाळभर वाट बघायची, त्याच उन्हाकडं आज तिनं एकदा असं पाहिलं की जणू ते मुद्दाम तिच्यावर चालून आलंय. ऊन पत्र्यावर पडणार. पत्रा तापणार. आणि आत चुना जेवतोय.

चौकात पोहोचली तेव्हा टपरीवर दोन गिऱ्हाइकं होती. त्यातला एक जण पाणघोड्याच्या जबड्याला पाठ टेकून बिडी ओढत उभा होता.

"विझव!" मावशी ओरडली. "बिडी विझव! आणि तू स्टोव्ह बंद कर!"

"का ओ मावशी? आत्ताच तर दूध चढवलंय."

"बंद कर म्हणते ना मेल्या!"

"अहो गिऱ्हाईक उभं आहे. तुमच्या जावयाला धूर सोसत नाही काय?"

"फुटेल तो," मावशी म्हणाली. धाप लागल्यामुळं शब्द तुटून येत होते. "त्याच्या पोटात वायू धरलाय. बूच मीच बंद केलंय. फुटेल."

बिडीवाला हसला. चहावालाही हसला. "काल काय जास्त खाल्लं की काय त्यानं?" असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी, कुणी हात लावलेला नसताना, पाणघोड्याच्या पाठीतून आवाज आला. 'टक्.' आणि जरा थांबून पुन्हा. 'टक्.' कुणीतरी आतून बोटानं वाजवून बघावं तसा.

बिडीवाल्यानं बिडी टाकली, बुटाखाली रगडली, वर त्यावर चहा ओतला आणि रस्त्याच्या पार पलीकडं गेला. चहावाल्यानं स्टोव्हची चावी फिरवली. अर्धवट चढलेलं दूध खाली बसत गेलं. "मावशी," तो म्हणाला, आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "कुणाला तरी बोलावू का? नगरपालिकेत..."

"ते यायच्या आधी पोरं सुटतील. तू एकच कर. रस्त्यानं कुणाला इकडं येऊ देऊ नको."

रंगारी लंगडत आला. डोक्यावर पोती, हातात बादली. त्यानं ओली पोती पाणघोड्यावर अशी पसरली की एखाद्या तापकरी माणसावर घड्या ठेवाव्यात. पत्र्यातून जराशी वाफ उठली.

बूच शेपटीखाली. म्हणजे जिथं जोर लावायचा तिथंच, अगदी तोंडासमोर, तो फुगलेला तळ. मावशी मागं न बसता बाजूला गुडघ्यावर बसली, खांदा पिंपाला लावून, तोंड फिरवून. पाना आंधळ्यासारखा चाचपत बुचावर बसवला. पान्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, घसरला तरी ठिणगी उडू नये म्हणून. खांद्याला पिंपाची थरथर लागत होती.

"हं," रंगारी म्हणाला.

तिनं जोर लावला. काही नाही. दात खाऊन लावला. बूच जागचं हललं नाही. आपणच सफेदा लावलेला, आपणच दोरा गुंडाळलेला. तेव्हा किती कौतुक वाटलं होतं आपल्या हाताचं! एरवी बूच अडलं की हातोडीनं पान्याला एक दणका द्यायचा. आज तेही नाही.

"भाऊजी, पाइप आहे का कुठं? पान्याच्या दांड्यावर चढवायला?"

चहावाल्यानं टपरीच्या छपराचा आडवा पाइपच खेचून काढला. छप्पर एका बाजूनं लोंबलं. "जाऊ द्या," तो म्हणाला, "नाहीतरी गळतच होतं."

पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला. आता दांडा लांब झाला, जोर वाढला, पण तोल धरायला दोघं लागणार. रंगारी तिच्या शेजारी वाकला. दोघांच्या चार हातांतून पाइप घामानं निसटत होता.

तेवढ्यात पोरांचा गलका आला.

मधली सुट्टी अजून झालेली नव्हती. झालं होतं असं, की चित्रकलेच्या बाईंनी आज वर्गाला बाहेर काढलं होतं. ऊन चांगलं पडलंय, चला, आज पाणघोडा समोर बसून काढू. पोरं दोघा-दोघांच्या रांगेत, हातात कागद आणि पुठ्ठे घेऊन कोपऱ्यावरून वळली. आणि रांगेच्या पुढं एक पोरगी रांग मोडून धावत निघाली होती, हात उंचावून, आज पहिली थाप आपली म्हणून. पाठीवर उभी राहणारी. राजा.

चहावाल्यानं बाक ओढून रस्त्यात आडवा टाकला आणि हात पसरून उभा राहिला. "बाई, थांबवा! थांबवा त्यांना!" पण टिचकी बाकाखालून सरकली. तिला वाटलं, हा काहीतरी खेळच आहे.

मावशीनं मान वर केली. पाइप सोडला तर पाना घसरणार; धरून ठेवला तर पोरीला अडवायला हात नाही. तेव्हा तिच्या छातीतून जो आवाज निघाला, तो तिनं टिचकीवर कधी काढलेला नव्हता. टिचकीवर काय, कुणावरच काढलेला नव्हता.

"मागं हो! कार्टे, मागं हो! एक पाऊल पुढं टाकलंस तर तंगडी मोडीन!"

टिचकी थांबली. कुणीतरी थोबाडीत मारावी तशी जागच्या जागी थांबली. हातातला कागद खाली पडला. चहावाल्यानं झडप घालून तिला काखोटीला मारलं आणि मागं नेलं, तरी ती आजीकडंच बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.

"आता," मावशी रंगाऱ्याला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "भाऊजी, आता."

दोघांनी अंग टाकलं. आत कुठंतरी दोरा चरकला. बूच केसभर फिरलं. आणि एक बारीक शीळ सुरू झाली, किटलीला येते तशी. त्यातून आंबूस, ओल्या भिंतीसारखा वास आला.

"बस! आणखी फिरवू नका. सुटू दे हळूहळू."

शीळ वाढली. ओलं पोतं शेपटीपाशी फडफडायला लागलं. मावशीनं डोळे मिटून घेतले. मनात एकच हिशेब चालला होता: हा तळ उडाला तर माझ्या डाव्या अंगावरून जाईल, भाऊजी उजवीकडं आहेत, पोरगी चहावाल्याच्या मागं आहे. पोरगी मागं आहे. तेवढं बरं आहे.

आणि मग 'धडाम्!'

असा आवाज झाला की सगळा चौक हलला. पोरं किंचाळली. बाईंनी हातातले पुठ्ठे टाकून दोन पोरांना पोटाशी धरलं. मावशीला वाटलं, झालं, गेलो आपण. मेल्यावर इतकं थंड लागतं तर, असं तिच्या मनात आलं. मग कळलं की थंड लागतंय ते ओलं पोतं आहे, ते अंगावर पडलंय. तिनं डोळे उघडले. पिंप जागेवर होतं. फुगलेला तळ आतला जोर कमी होताच उलटा फिरून आत बसला होता, दाबलेल्या डब्याचं झाकण बसतं तसा. तेवढाच आवाज.

त्यानंतर बुचातून उरलासुरला वायू बाहेर पडला. आता शीळ नव्हती. लांबलचक, फरफरणारा, मधे थांबून पुन्हा सुरू होणारा, शेपटीच्या चेनला नाचवत जाणारा असा काही आवाज झाला, की बाईंनी पोटाशी धरलेली पोरं मान काढून बघायला लागली.

"पाणघोडा पादला!" रांगेतून एक पोरगं ओरडलं.

मग काय विचारता! सगळी पोरं लोळायला लागली. बाईंनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. चहावाला बाकावर बसून रडेपर्यंत हसला. रंगारीसुद्धा गुडघा धरून हसत होता.

मावशीला हसू येईना. ती तशीच पाणघोड्याला टेकून बसली आणि टिचकीला शोधत राहिली. टिचकी हसणाऱ्या पोरांच्या मागं उभी होती. ती हसत नव्हती.

संध्याकाळी सून कामावरून आली ती सगळं ऐकूनच. चप्पल न काढता दारात उभी राहिली.

"पोरगी म्हणते, आजी मला कार्टी म्हणाली."

"म्हणाले."

"बरं केलंत. तिथं आणखी पुढं गेली असती तर..." सुनेचा आवाज जरासा मऊ झाला होता. गावभर मावशीचं कौतुकच चाललं होतं, म्हातारीनं जिवावर उदार होऊन बूच उघडलं म्हणून. झाकली मूठ होती. मावशीनं ती झाकलेली ठेवली असती तर सकाळचं कुणालाच कळलं नसतं.

"मला सकाळीच संशय आला होता," मावशी म्हणाली. "ती शाळेत जायच्या आधी. हात लावला तेव्हाच कळलं होतं. ती उभी राहणार म्हणाली, आणि मी सांभाळून म्हणाले. तू ऐकशील म्हणून बोलले नाही."

मावशी वाट बघत होती: आता ती ओरडेल, भांडी आपटेल, ट्रकवर फोन लावेल. सुनेनं चपला काढल्या, जागच्या जागी नीट ठेवल्या.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"दाखवा मला. प्रत्येकाचा श्वास कुठं आहे तो दाखवा."

अंधार पडायच्या आत दोघी निघाल्या. पालीपाशी मावशीनं पोटाखालचं भोक दाखवलं. सुनेनं त्यात करंगळी घालून बघितली. कासवाच्या शेपटीखाली बोट घातलं. बगळ्याच्या पोटाशी वाकून, एक डोळा मिटून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहिलं. मुंगीचं भोक इतकं बारीक की सुनेनं केसातली पिन काढून आत घातली. पाणघोड्याचं बूच चहावाल्यानं खिळ्याला टांगून ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. सुनेनं ते काढून पिशवीत टाकलं.

"हे माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "आणि टिचकी काही दिवस मागच्या रस्त्यानं शाळेत जाईल. किती दिवस ते मी सांगेन."

"बरं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं आणि रंगाऱ्यानं मिळून पाणघोड्याच्या पोटात पाणी ओतून ओतून सगळा चुना बाहेर काढला, आणि त्याचे पाय सिमेंटनं जमिनीत पक्के केले. आता तो डुलत नाही, आणि बोलतही नाही. थाप मारली की फुटक्या मडक्यासारखा फसका आवाज येतो. पोरं चार दिवस हिरमुसली, मग त्यांनी नवा कायदा केला; आता जो त्याच्या ढुंगणाला कान लावून पहिला 'पादला!' ओरडेल तो राजा. मावशी मात्र अजूनही सकाळी फडकं घेऊन गेली की आधी प्रत्येकावर तळहात ठेवून उभी राहते. घरातसुद्धा तेलाचा डबा उन्हानं 'टक्' वाजला की तिच्या हातातलं काम गळून पडतं. सून ते बघते आणि काही न बोलता डब्याचं झाकण उघडून ठेवते.

आजही गारठा होता. मावशी अंगणात उकिडवी बसून खिळे सरळ करत होती. टिचकी दप्तर पाठीला लावून बाहेर आली आणि पायरीवर थांबली. आधी ती कधी थांबायची नाही, येऊन सरळ पाठीवर पडायची.

"आजी, येऊ का?"

कधी विचारत नव्हती पोरगी. मावशीची हातोडी वरच राहिली.

"ये की गं."

टिचकी आली नाही. पायरीपाशी पडलेला एक वाकडा खिळा तिनं उचलला, त्याला टिचकी मारून पाहिली, आणि तिथूनच आजीच्या पुढ्यात टाकला. मग मागच्या रस्त्यानं गेली.

मावशीनं खिळा उचलला, रुळावर ठेवला, कुबड वर आणलं आणि हलका ठोका दिला. फिरवला. पुन्हा दिला.